एक बिछाना की दोन

मर्लने विचारलेला प्रश्न अवघ्या एका ओळीचा होता. "नाताळला दोघंही या. फक्त एवढं कळव, एक बिछाना घालू की दोन?"

मोठ्या बहिणीने धाकट्या भावाला विचारावा असा साधा, घरगुती प्रश्न. उत्तर तर त्याहून साधं. पण सेल्विन पॅस्कोंनी ते पत्र वाचलं, कानाच्या पाळ्या लाल होईपर्यंत पुन्हा वाचलं, आणि एका जाडजूड पुस्तकात खूण म्हणून ठेवून दिलं. पुस्तकांत चिठ्ठ्याचपाट्या ठेवणाऱ्यांवर ज्यांनी जन्मभर डोळे वटारले, त्या दक्षिण गोलार्धातल्या ओमारू गावच्या निवृत्त ग्रंथपालांनी! 'उद्या लिहू,' असं म्हणाले. त्या उद्याला नऊ वर्षं झाली. दर नाताळला बहीणभावांची कार्डं जात-येत राहिली. त्यांत हवापाणी असे, गुडघेदुखी असे. बिछान्यांचा विषय मात्र पुन्हा कोणी काढला नाही.

आता एवढ्याशा प्रश्नात अवघड ते काय? तर सेल्विननी साऱ्या गावाला सांगून ठेवलं होतं की रोडेल आपला भाडेकरू आहे. रोडेल फिलिपिन्समधल्या इलोइलोचा. म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात नोकरीला आला, सेल्विनच्या मागच्या खोलीत राहायला आला, आणि त्या मागच्या खोलीत त्याने एक हिवाळासुद्धा पुरता काढला नाही. पुढे दोघांनी रीतसर लग्न केलं. पण कुठे? टिमारूला! ओळखीचं कुत्रंसुद्धा भेटू नये म्हणून. साक्षीला तिथल्याच कचेरीतल्या दोन अनोळखी बायका उभ्या राहिल्या. त्यांतली एक चक्क रडली. रडायला आपलं कोणीतरी आणायला हवं होतं, असं सेल्विनच्या मनात येऊन गेलं. आणि तरीही परतीच्या बसमध्ये नवरे दोन वेगवेगळ्या बाकांवर बसले!

मग रोडेलची आई अंथरुणाला खिळली. तो इलोइलोला गेला, इकडचा त्याचा कामाचा परवाना संपला, आणि काही महिन्यांनी आईही गेली. आता त्याला परत आणायचं तर नवरा म्हणूनच व्हिसा काढायला हवा होता.

"कागदपत्रं ना? माझ्यावर सोड!" सेल्विन फोनवर छाती फुगवून म्हणाले. "जन्मभर दुसरं केलंय काय मी? पानगळ सुरू व्हायच्या आत तू घरात असशील!"

त्यांनी अशी फाईल केली म्हणता! रंगीत खुणा, विषयवार भाग, शेवटी सूची, सूचीची सूची. असं देखणं बाड व्हिसाच्या ऑफिसात कधी आलं नसेल. पानगळ आली. पानं पडली, लोकांनी झाडून जाळली. हिवाळा गेला. बंदरावरच्या पेंग्विनांनी अंडी घातली, पिल्लं वाढवली, पिल्लं समुद्राला लागली. 'आपला अर्ज रांगेत आहे' यापलीकडे ऑफिसने अवाक्षर काढलं नाही. आणि एके सकाळी फोन वाजला. फोनोती नावाच्या बाई बोलत होत्या. केस त्यांच्याकडे होती.

"मिस्टर पॅस्को, फाईल सुंदर आहे हो."

"आभारी आहे!"

"पण आत काहीच नाही."

"म्हणजे?"

"लग्नाचा दाखला आहे. पण लग्न झालं म्हणजे संसार झाला असं आम्हाला धरता येत नाही. दोघांचं एकत्र खातं नाही. विजेचं बिल तुमच्या नावावर. सगळीकडे रोडेल म्हणजे 'भाडेकरू', तेही तुमच्याच अक्षरात. आणि हे फोटो! प्रत्येक फोटोत तुमच्या दोघांच्या मध्ये कोणीतरी उभं आहे. हे टक्कलवाले गृहस्थ कोण?"

"क्लाइव. आमच्या बोलिंग क्लबाचा."

"यावरून तुमचं लग्न क्लाइवशी झालंय असं वाटतं. एका फोटोत तर मध्ये पेंग्विन आहे."

पेंग्विन तसा आपणहून आला होता. त्याला हाकलायचं सोडून, बरं झालं म्हणून दोघे एकेक पाऊल बाजूला सरकले होते, हे सरकारी बाईला कसं सांगायचं?

"हरकत नाही," फोनोती बाई म्हणाल्या. "मी तुमच्या शेजाऱ्यांशी बोलते."

सेल्विनना वाटलं, सुटलो! आपल्याला बोलावं लागणार नाही, परस्पर काम होईल. जन्मभर ज्याने दुसऱ्यांच्या पुस्तकांतून बोलणं भागवलं त्याला आणखी काय हवं!

शेजारच्या नोलीनबाईंना फोन गेला. नोलीनबाईंनी काय करावं? त्या कडाडल्या! "काय विचारता हे? सेल्विन पॅस्को म्हणजे सभ्य माणूस आहे! तो पोरगा भाडेकरू आहे त्यांचा. भा-डे-करू! पुन्हा असलं विचारायला फोन करायचा नाही!" आणि फोन आपटला.

क्लाइव तर त्यांच्याही पुढे गेला. कोणीतरी सरकारी बाई सेल्विनवर बालंट आणायला बघतेय, एवढंच त्याच्या डोक्यात शिरलं. मित्राला वाचवायचं म्हणजे अर्धवट कशाला? "छे छे! तसलं काही नाही हो. सेल्विनचं बाईमाणसाशी जमलंय. डोरीन तिचं नाव. वर्षानुवर्षं चाललंय. मोठी गोड बाई!"

पुढच्या आठवड्यात ऑफिसचं पत्र आलं. अर्जदाराच्या नवऱ्याचे श्रीमती डोरीन यांच्याशी दीर्घकाळ संबंध असल्याचं समजतं. तरी अधिक चौकशी होईपर्यंत अर्ज बाजूला ठेवण्यात येत आहे!

सेल्विननी ते फोनवर वाचून दाखवलं. इलोइलोहून बराच वेळ नुसता कोंबड्यांचा आवाज येत राहिला.

"ही डोरीन कोण, पालंगा?" रोडेल प्रेमात असला की सेल्विनना पालंगा म्हणायचा. रागात असला की तेच जरा खालच्या पट्टीत.

"क्लाइवने शोधून काढली."

"बघ! क्लाइवने एका फोनमध्ये तुला बायको मिळवून दिली. आणि तुला इतक्या वर्षांत शेजारीणबाईला माझं नाव नीट सांगता आलं नाही."

"मी सांगणारच होतो रे..."

"ऐक. आई गेली तेव्हा शेजारपाजारचे विचारत होते, तुझं तिकडे कोण आहे? मी म्हणालो, घरमालक. आईच्या शवपेटीजवळ उभा राहून मी घरमालक म्हणालो! व्हिसा उद्या मिळाला तरी भाडेकरू म्हणून मी यायचा नाही. सांगून ठेवतो."

त्या दिवशी सेल्विननी कोट चढवला. उन्हाळ्यात कोट! आणि कुंपणाच्या फटीतून न जाता रस्त्यावरून वळसा घालून, पुढच्या दाराने नोलीनबाईंकडे गेले. क्लाइव तिथे ताज्या चीज रोलवर हात मारत बसलाच होता.

"मला काही सांगायचंय," सेल्विन म्हणाले.

"बसा हो. चहा टाकते."

"रोडेल माझा भाडेकरू नाही."

नोलीनबाईंनी घाईघाईने किटली वाजवली. "भाडं थकलं असेल हो बिचाऱ्याचं. होतं असं. दूध घालू?"

"भाड्याचा प्रश्न नाही! आम्ही..."

"क्लाइव, सेल्विनना रोल दे. गरम आहेत."

"अरे, खा रे आधी!" क्लाइवने रोल जवळजवळ तोंडातच कोंबला. सेल्विन बोलायला तोंड उघडत, आणि ही दोघं त्यात काही ना काही घालत! बुडणाऱ्या माणसाला वाचवावं तशी ती दोघं सेल्विनना त्यांच्याच तोंडच्या वाक्यापासून वाचवत होती.

शेवटी सेल्विन उभे राहिले. ग्रंथालयात ज्यांनी आयुष्यभर 'शूऽऽ' यापलीकडे आवाज चढवला नाही, ते गरजले, "तो माझा नवरा आहे!"

किटलीने शिट्टी मारली. नोलीनबाईंनी गॅस बंद केला, आणि हळूच म्हणाल्या, "ते माहीत आहे हो."

"माहीत आहे?"

"पहिल्या वर्षापासून! तुमच्या दोऱ्या माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतात. तुमचे कपडे एका दोरीवर, त्याचे दुसरीवर. छान! पण सेल्विन, मागच्या खोलीतली चादर इतक्या वर्षांत एकदासुद्धा वाळत पडली नाही. इतका स्वच्छ पोरगा, आणि बिनधुतल्या चादरीवर झोपेल?"

सेल्विन पुन्हा खुर्चीत बसले. दर शनिवारी ते मागच्या खोलीतली उशी चुरगाळून ठेवत असत, कोणी डोकावलंच तर वापरलेली दिसावी म्हणून. चादर त्यांना सुचली नव्हती.

"क्लबात सगळ्यांना ठाऊक आहे," क्लाइव पुटपुटला. "फोटो काढताना तू ओढून मला मध्ये उभा करायचास. मला काय हौस होती?"

"मग त्या बाईंना सांगितलं का नाहीत?"

नोलीनबाईंचे डोळे भरले. "तुम्ही आम्हालाच कधी सांगितलं नाहीत हो. आम्हाला न सांगितलेली गोष्ट परक्या बाईला कशी सांगायची? तुम्हाला ती झाकून हवी होती. आम्ही झाकत होतो." नाक पुसून त्या पुढे म्हणाल्या, "टिमारूला गेलात तेव्हा मी केक करून ठेवला होता. वरती काय लिहावं ते कळेना. म्हणून दिलाच नाही."

सेल्विननी रोल बशीत ठेवला. एक अख्खं गाव चोरपावलांनी त्यांच्या सुखाभोवती वावरत होतं, आणि ते आपले आत बसून उशा चुरगाळत होते!

दोघांनी लगोलग नव्याने जबान्या लिहून दिल्या. नोलीनबाईंनी चादरीचा मुद्दा सविस्तर मांडला. क्लाइवने डोरीनला मागे घेतलं. फोनोती बाईंचा फोन आला.

"मिस्टर पॅस्को, माझा विश्वास आहे हो तुमच्यावर. पण एकदा नाही म्हणालेले साक्षीदार आता हो म्हणताहेत. वरच्यांना काय दाखवू? घरच्या कोणाचं काही आहे का? जुनं?"

होतं! सेल्विननी ते जाडजूड पुस्तक काढलं आणि मर्लचं पत्र फोनवर वाचून दाखवलं. बाई पलीकडे आनंदाने जवळजवळ ओरडल्या, "वा! हेच हवं होतं! मग तुम्ही काय उत्तर दिलंत?"

सेल्विननी पत्राची घडी घातली.

"मिस्टर पॅस्को?"

"दिलं नाही."

बाईंनी सुस्कारा सोडला. "मग यातून तुमच्या बहिणीला शंका होती एवढंच दिसतं हो. उत्तर असतं तर..." मग त्या म्हणाल्या, "अजून आहेत ना त्या? त्यांच्याकडून लेखी आणा. पण त्यांनी लिहायचं तर त्यांना आधी कळायला नको का?"

मर्ल होती. तिचं इन्व्हरकार्गिल गावातलं घर मात्र राहिलं नव्हतं. यंदाच्या नाताळच्या कार्डावर तिचा पत्ता एका वृद्धाश्रमाचा होता. 'छोटीशी खोली आहे, ऊन येतं, एका माणसाला पुरते,' असं तिने लिहिलं होतं. दोन नाही, एक नाही, पाहुण्यांसाठी बिछाना घालायला तिच्याकडे आता जागाच नव्हती.

सेल्विन लिहायला बसले. पहिला मसुदा चार पानी झाला; त्यात क्षमेचा इतिहास ग्रीकांपासून आला होता. तो फाडला. दुसऱ्यात हवापाणी घुसलं. तोही फाडला. शेवटी एका कोऱ्या कागदावर लिहिलं, "प्रिय मर्ल, एकच. तुझा, सेल्विन." विचार बदलायच्या आत पाकीट चिकटवलं आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकलं.

पत्र तळाला लागल्याचा आवाज आला, आणि सेल्विनच्या ध्यानात आलं. ऐंशी पार केलेल्या बाईच्या हातात नऊ वर्षांनी एक कागद पडणार, आणि त्यावर लिहिलेलं, 'एकच'! एकच काय? बिचारी दिवसभर चष्मा पुसत बसेल! त्यांनी फटीतून हात घातला. हात मनगटापर्यंत गेला आणि तिथेच अडकला. नेमका खिशातला फोन वाजला. डाव्या हाताने कसाबसा उचलला.

"टाकलंस?" रोडेलने विचारलं.

"टाकलं."

"काय लिहिलंस?"

"एक शब्द."

पलीकडे पुन्हा कोंबड्या. मग कितीतरी महिन्यांनी रोडेलचं हसू ऐकू आलं. "नऊ वर्षांत एक शब्द! आणि आपण त्या ऑफिसला संथ म्हणत होतो, पालंगा!"

सेल्विन अजून पेटीतून हात सोडवत होते.