अप्पांनी न दिलेले मार्क

दारूचा एक घोटही आयुष्यात न गिळलेल्या माणसाला दारूतलं काय कळणार, असं तुम्हीही म्हणाल ना? मी म्हणायचो. शेजारच्या मल्लिनाथअप्पांच्या तोंडावर म्हणायचो.

अप्पांनी तीस वर्षं एका दारू कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. दारू तोंडात घ्यायची, घोळवायची, थुंकायची आणि शंभरपैकी मार्क लिहायचे, एवढंच काम. लिंगायत घर, गळ्यात लिंग. "जीभ कंपनीची, घसा महादेवाचा," हा त्यांचा हिशेब. निवृत्तीनंतर कंपनीनं जीभ परत केली, पण जिभेची खोड गेली नाही. सास्तूरच्या आमच्या गल्लीत दिसेल ते हुंगून अप्पा मार्क देतात. स्टँडवरच्या चहाला बेचाळीस. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आम्ही त्यांना शेतात जेवायला बोलावलं, तर आंबिलीचा माठ हुंगून म्हणाले, "ताक परवाचं हाय. एकावन्न." आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही, कारण मी हसलो होतो.

सत्तरच्या वर त्यांनी कुणालाच दिले नाहीत. "सत्तरच्या वर दिलं की माणूस सुधरत न्हाय."

मी दारूबंदीची पत्रकं वाचत वाढलो, आता लिहितो. 'बाटली फोडा, संसार जोडा' हे माझंच. अप्पांनी ते पत्रकही नाकाला लावलं. "शाई बरी हाय. मजकूर कच्चा. अडतीस."

अप्पांची मुलगी सुवर्णा. नाक बापाचं घेऊन आलेली. रसायनशास्त्र शिकली, अमेरिकेत गेली आणि तिथं व्हिस्कीच्या कारखान्यात लागली. ज्यांनी जन्म दारू हुंगण्यात घालवला, ते अप्पा फोनवर कडाडले, "बाईमाणसाचं काम न्हाय हे!" ती म्हणाली, "नाक तर तुमचंच हाय की, अप्पा." त्यानंतर सहा वर्षं दोघांत बोलणं नाही. आम्हाला अप्पा सांगत, पोरगी औषधाच्या कंपनीत आहे.

गेल्या हिवाळ्यात उमरग्याचा एक जण तिकडून गावी आला आणि अप्पांच्या हातात एक बाटली देऊन गेला. सोबत चिठ्ठी होती : 'या बाटलीतल्या व्हिस्कीचं पिंप मी एकटीनं निवडलं. पहिलंच. मार्क द्या.' चिठ्ठीचं मला नंतर कळलं. अप्पांनी ती देवळीत महादेवापाशी ठेवली होती.

बाटली आल्याचं कळलं तसा पहिल्या दिवशी मी भांडायलाच गेलो. अप्पांनी स्टीलच्या फुलपात्रात बोटभर ओतली होती आणि तोंड उघडं ठेवून, दुरूनच वास घेत होते.

"अप्पा, तुम्हीसुद्धा?"

"गप बस लेका. साठ टक्क्यांच्या वर हाय ही. एकदम नाक घातलं तर नाकातलं केस जळतंय."

"एवढी कडक कशाला भरतात?"

"पाणी न घालता पिंपातनं थेट भरलीय. लपवायला काय न्हाय तिच्यात." त्यांनी एक थेंब तळहातावर चोळला, उडू दिला आणि हात नाकाशी नेला. "मका हाय. नवं पिंप, आतनं जाळलेलं. गुऱ्हाळात कढई खरवडतात बघ, तसला वास. मागं सुकं खोबरं."

"किती मार्क?"

"आज नाक. उद्या पाणी. परवा जीभ. मार्क परवा."

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या औषधाच्या धुतलेल्या ड्रॉपरनं त्यांनी थेंबथेंब पाणी घातलं. प्रत्येक थेंबाला हुंगत होते. एकदा डोळे पुसले. मी म्हणालो, "बघा, झोंबली." अप्पांनी पुढचा थेंब घातला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमची दारूबंदीची गावफेरी होती. बायका पुढं, मी घोषणा देत मागं. घरात बाटली सापडली की तिथंच ओतायची, असं ठरलेलं. अप्पांच्या दारात एका मावशीनं मला अडवलं. "शेजाऱ्याला सूट हाय काय, पत्रकवाले?"

ओळखीच्याला सूट दिली की चळवळ मेली, असं मीच छापलं होतं. दार उघडं होतं. अप्पा आंघोळीला गेले होते. मी बाटली उचलली आणि अंगणातल्या बेलाच्या आळ्यात शेवटच्या थेंबापर्यंत ओतली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही बरं वाटलं.

अप्पा ओल्या पंच्यानं बाहेर आले. रिकामी बाटली बघितली. आळ्याशी वाकले, चिमूटभर माती उचलली, हुंगली आणि खाली टाकली. "मातीचाच वास येतोय," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी सहा वर्षांनी सुवर्णाचा फोन आला, तेव्हा मी माफी मागायला अप्पांच्या ओट्यावर उभा होतो. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"अप्पा, किती?"

"सांडली बाई."

"कुणी सांडली?"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. "माझ्याच हातनं."

मी हातवारे करत होतो, पासष्ट म्हणा, सत्तर म्हणा. अप्पांनी मान हलवली. "जिभेला न लावता म्या दारूला कधी मार्क दिलं न्हाईत, सुवर्णा."

"कळलं, अप्पा," ती म्हणाली आणि फोन ठेवला. आपली बाटली बापानं फेकून दिली, असंच तिला वाटलं असणार. अप्पांनी फोन उपरण्यात गुंडाळला, मग देवळीतली चिठ्ठी काढून मला दाखवली. मी वाचली. "तू तुझं काम केलंस," ते म्हणाले. त्या दिवसापासून अप्पांनी कशालाच मार्क दिलेले नाहीत. आई आंबील घेऊन गेली, तर "चांगली हाय" म्हणाले. आई घरी येऊन रडली.

मी सुवर्णाताईंना पत्र लिहून सगळं कबूल केलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं : त्या पिंपाच्या, लेबलवर 'सु' लिहिलेल्या बाटल्या विकून संपल्या. स्वतःसाठी ठेवलेली एकच होती, ती अप्पांना पाठवली होती.

म्हणून, दारूविरुद्ध लिहिणारा मी, तुम्हाला हात जोडून विनंती करतो. तुमचं कुणी अमेरिकेत असेल, तर त्यांना दुकानांच्या मागच्या फळ्या बघायला सांगा. लेबलच्या खालच्या कोपऱ्यात शाईनं आपल्या लिपीत 'सु' लिहिलेली बाटली दिसली, तर घ्या आणि गावी येणाऱ्या कुणाबरोबर सास्तूरला पाठवा. माझ्याकडं देऊ नका. थेट अप्पांच्या हातात द्या. आणि तीन दिवस थांबा.