माझ्या ब्राउझरचा वेग

मिहिरचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होतो. मंगळवार होता, कपडे वाळत घालून झाले होते, कुकर लावला होता. (मेथी मी उत्तम निवडतो. मुलुंडमध्ये माझ्या तोडीचे फार नसावेत.)

"बाबा, घरचा कम्प्युटर पार भरलाय. स्क्रीनवर दोन-दोन ब्राउझर कशाला? एक काढून टाका," मुलगा अंधेरीच्या ऑफिसातून म्हणाला.

कशाला म्हणजे? आमच्या घरात पक्षच दोन होते. मी क्रोमचा, बायको नीला फायरफॉक्सची. स्क्रीनवर दोघांची चित्रं, माझा रंगीत चेंडू आणि तिचा कोल्हा, शेजारी शेजारी. मी रोज म्हणायचो, "बघ, माझा कसा पळतो! तुझा कोल्हा अजून चपला शोधतोय." ती फरसबी मोडता मोडता म्हणायची, "हो ना, पळतो खरा."

नीलाला जाऊन दीड वर्ष झालं. तिच्या कोल्ह्याला मी हात लावला नव्हता. तिने त्यात बरीच पानं बुकमार्क करून ठेवली होती: जुनी गाणी, लोकरीचे टाके, सांदणांच्या कृती. ती पानं हरवली, तर नेमकी कुठली होती हे सांगणारं कुणी नव्हतं.

म्हणून बेत पक्का केला. आधी पानं माझ्याकडे आणायची, मग कोल्ह्याला निरोप. आयुष्यभर विमा कचेरीत फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेल्या, ही तर नुसती पानं!

माझा ब्राउझर उघडून बुकमार्कचा कप्पा काढला. (आजवर कधी उघडला नव्हता. मला सगळं लक्षात राहतं.) आत सांदणं, टाके, गाणी, सगळं हजर! मी मागण्याआधीच आणून ठेवलेलं!

"याला म्हणतात ब्राउझर," मी मेथीला सांगितलं. तो बंद केला आणि कोल्हा काढून टाकला.

मग ऐटीत माझ्या चेंडूवर डबल क्लिक केलं. ढिम्म. पुन्हा केलं. पुन्हा ढिम्म.

"इरावतीऽ!"

सून आतल्या खोलीत ऑफिसचं काम करत होती. हेडफोन गळ्यात घेऊन धावत आली.

"काय झालं, बाबा?"

"कोल्हा जाता जाता माझ्या चेंडूला चावला."

"काय?"

"नीलाची पानं गेली गं. दोन्हीकडची."

तिने इकडेतिकडे क्लिक केलं आणि ओठ घट्ट मिटले.

"बाबा, हा क्रोम नाहीच. चेंडूच्या मागे फायरफॉक्सच आहे."

"अगं, पण चित्र..."

"चित्र आईंनी लावलंय, मला विचारून. चार वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या दिवाळीला तुम्ही घराबरोबर कम्प्युटरही साफ केलात ना? तेव्हा क्रोम तुम्हीच उडवलात. आई म्हणाल्या, ह्यांना सांगू नकोस, चार दिवस तोंड फुगवून बसतील."

"म्हणजे तेव्हापासून माझा जो वेग..."

"तो आईंचा."

तिने कोल्हा पुन्हा बसवला. पानं जशीच्या तशी परत आली. मी प्रत्येक पान उघडून पाहिलं. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, कळलं नाही.

संध्याकाळी मिहिरने विचारलं, "काढलात का एक?"

"चार वर्षांपूर्वीच," मी म्हणालो.

नीलाशी यावरून भांडायचं तेवढं राहून गेलं.