गळक्या छपराची वहिवाट

१९५४च्या मार्चमध्ये लेना श्टाउफर या विधवा बाईंनी आमच्या फिलाडेल्फियाच्या वारसा समितीकडे छप्पर दुरुस्तीचा अर्ज केला. खाली त्यांची प्रेट्झेल या खारट, पीळदार पावाची भट्टी होती आणि पाणी मळणाऱ्या बाईंच्या डोक्यावरून पिठात पडत होते. घर ऐतिहासिक, दीडशे वर्षांपूर्वी एक नामांकित वकील तिथे पाऊस थांबेपर्यंत बसले होते, म्हणून त्याचा जुना भाग समितीच्या परवानगीशिवाय हलवता येत नसे. समितीला दया यावी म्हणून बाईंनी अर्जात लिहिले, ‘छप्पर एकवीस वर्षे गळते आहे.’ इथेच त्यांचा घात झाला. समितीत सगळे वकील. मी त्यांचा चिटणीस.

अध्यक्ष पेनिमन यांनी चष्मा पुसला. “लेनाबाई, एकवीस वर्षं पाणी उघडपणे, तुमच्या डोळ्यांदेखत येत होतं. तुम्ही हरकत घेतलीत?”

“कुणाकडे घेणार? ढगाकडे?”

“घेतली नाही, असं लिहून घ्या.”

आमच्याकडे एकवीस वर्षे बिनहरकत वापरलेल्या वाटेवर वहिवाटीचा हक्क मिळतो. तो पाण्यालाही मिळाला. मग पाण्याची बाजू मांडायला कोणी नको का? अ‍ॅम्ब्रोज क्विल नावाच्या होतकरू वकिलाची नेमणूक झाली. त्यांनी पहिल्याच दिवशी गळतीखाली लावलेल्या बादलीला हरकत घेतली.

“बादलीमुळे माझ्या अशिलाची वाट अडते.”

“अहो, तुमचा अशील माझ्या पिठात पडतोय!”

“तेच म्हणतोय मी. पिठापर्यंतची वाट जुनी आहे.”

बादली जप्त झाली. जुलैत पावसाने दडी मारली, तशी क्विलसाहेबांची झोप उडाली. न वापरलेली वहिवाट बुडते. म्हणून समितीने ठराव केला, की रोज सकाळी अकरा वाजता लेनाबाईंनी झारी घेऊन छपरावर चढावे आणि भोकात पाणी ओतावे. मग लगेच खाली येऊन ते अंगावर घ्यावे. बाईंचे वय एकसष्ट. मला फार वाईट वाटले. तसे मी इतिवृत्तात लिहिले. पुढच्या सभेत ते वाक्य सर्वानुमते वगळण्यात आले.

ऑगस्टमध्ये बाईंनी झारी अध्यक्षांच्या टेबलावर आपटली. “घर ठेवा तुमच्याकडे. मी चालले बहिणीकडे. मला फक्त एकदा कोरडं पीठ मळायचंय.”

“खुशाल जा,” पेनिमन म्हणाले. क्विल ताडकन उठले. “पाणी एकवीस वर्षं आधी बाईंच्या डोक्यावर आणि मग पिठात पडतंय. बाई वाटेचाच भाग आहेत. जुना भाग हलवता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी ‘ऐतिहासिक वारसा’ अशी पितळी पाटी आली आणि बाईंच्या एप्रनला जडवण्यात आली.

आता अकराच्या सुमाराला बाईंना बघायला चांगली गर्दी जमते. बाईंना सोडायचे की नाही, हे समिती दर वर्षी पाहुण्यांच्या अभिप्रायाची वही वाचून ठरवते. गेल्या रविवारी तुम्हीही आला होतात. छत्री उघडून उभे राहिलात, प्रेट्झेल ओला लागला म्हणून कुरकुरलात आणि जाताना वहीत लिहिलेत, ‘फारच सुंदर. असेच जपून ठेवा.’

समितीने तुमचे म्हणणे मान्य केले आहे.