बियाण्यातले खडे

बियाण्यातला खडा न् खडा आपण काढून देतो, निवडायला बाया सांगायची काही गरज नाही, असं प्रसेनजितनं बापाला, जानरावांना, छातीठोकपणे सांगितलं!

ते अगदीच हवेतलं बोलणं नव्हतं. नागपुरात तो हेच तर करायचा. खाणीतलं मँगनीज दगडमातीसकट पाण्याबरोबर गोल उतरत्या पन्हाळीतून सोडलं, तर कोणता कण कुठं जाईल, हे कॉम्प्युटरवर आधीच पाहून ठेवायचं. पण शिकलासवरलेला पोरगा दिवसभर पडद्यावर ठिपके पळवतो, हे गावात, अनसिंगात, कोणाला सांगणार? शेजारच्या शेतातला हेमसिंग तर जानरावांना हटकून विचारायचा, "पोट्टं अजून गेमच खेळून राह्यलं काय?"

आणि नेमकं पेरणीच्या तोंडावर सोयाबीनचं पोतं उसवलं. घरचं बियाणं, डोळ्यांत तेल घालून जपलेलं. जानरावांनी ओल्या गोणपाटात दाणे उगवून पाहिले होते आणि त्या भरवशावर दुकानाची पायरीही चढले नव्हते. ते सगळं अंगणातल्या मुरमात सांडलं. गोळा केलं तर खडेच जास्त.

प्रसेनजितनं दाण्यांचं वजन, खड्यांचं वजन, आकार, पाण्याचा वेग, सगळं कॉम्प्युटरला भरवलं. पडद्यावर दाण्यांचे पिवळे ठिपके बाहेरच्या कडेनं आणि खड्यांचे काळे आतल्या कडेनं शिस्तीत उतरले. मग विहिरीवर जाड नळ उभा चिरून खांबाभोवती वेढला, मोटर चालू केली, अन् काय सांगावं! अगदी तसंच झालं. जानराव हेमसिंगचा हात धरून त्याला घेऊन आले.

"पाह्य," ते म्हणाले, "हा गेम खेळते आमचं पोट्टं."

जन्मभर बियाण्यावर थेंब पडू न देणारा माणूस, पण पोराच्या कौतुकात सगळं विसरला होता. संध्याकाळी बाजारातून आलेल्या प्रसेनजितच्या आईनं, भागिरथाबाईंनी, ओंजळभर दाणे उचलले. ते टम्म फुगले होते.

"हे बियाणं कोणं भिजवलं?"

मँगनीज पाणी पीत नाही आणि कॉम्प्युटरनं सोयाबीनलाही तसंच धरलं होतं. पाऊस असता तर तसंच पेरलं असतं, पण आभाळ कोरडं. उन्हात वाळवलं तर सालं सुटून दाण्यांची डाळ झाली.

"तुह्या कॉम्प्युटरातलं तं कोरडं हाय ना?" भागिरथाबाई म्हणाल्या. "मंग तेच पेरा."

प्रसेनजितनं चुकलं म्हटलं, पुन्हा म्हटलं. जानराव नव्या बियाण्याच्या पैशांची जुळवाजुळव करायला लागले.

रिसोडला बियाण्याच्या दुकानासमोरच्या रांगेत हेमसिंग पुढेच उभा! घरचं असताना इथं कायले, म्हणून त्यानं विचारलंच. प्रसेनजितनं मान खाली घातली.

"बियाणं गेलं," जानराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पण खडा एक बी नाही राह्यला त्याच्यात. तू तं पाह्यलं ना?"

"पाह्यलं," हेमसिंग म्हणाला, आणि हसला नाही. तो हसला असता तर फार बरं झालं असतं, असं प्रसेनजितला वाटलं.