श्रावणाच्या पोटातला सोमवार

आषाढाच्या शेवटच्या सकाळी नामदेव पाटलांनी भलामोठा जिताडा मासा आणून ओट्यावर ठेवला आणि गोजराबाईंनी तोंड फिरवलं.

"आज आवस हाय. मी नाय शिजवाची."

"अगो, आज गटारी! उद्यापास्न सरावन. मंग गनपती होयपरत नुसती भाजी!" नामदेवांनी जिताड्यावरून मायेनं हात फिरवला.

भांडण मिटवायला त्यांनी पंच आणला, तो म्हणजे मोबाईल. भाड्याच्या खोल्यांवर बसून खाणाऱ्या बापाला लेकीनं, नमितानं, प्रोग्रॅमिंगच्या क्लासला घातलं होतं. तिथं अटीच्या पोटात अट शिकवली होती: आधी बाहेरचा प्रश्न, त्याच्या उत्तरावर आतला. गृहपाठ म्हणून नामदेवांनी जेवण ठरवणारा प्रोग्रॅम लिहिला. श्रावण आहे का? नसेल तर, सोमवार आहे का? तोही नसेल तर मासळी, एरवी वरणभात. अमावास्येचा प्रश्न या लबाड माणसानं मुद्दामच घातला नव्हता.

"यो सांगल ता दोगांनी मानाचा. कॉम्प्युटर कोनाची बाजू घेत नाय."

गोजराबाईंनी अवसेसाठी घासून ठेवलेल्या दिव्यांवर हात ठेवून कबूल केलं. 'श्रावण आहे का?' नामदेवांनी 'नाही' दाबलं. सोमवारचा प्रश्न आलाच नाही. थेट निकाल आला: 'वरणभात.'

नामदेवांनी लगेच क्लासच्या नंदकुमार सरांना फोन लावून प्रोग्रॅम वाचून दाखवला.

"काका, सोमवारचा प्रश्न 'नाही'च्या खाली हवा होता. तुम्ही तो 'हो'च्या पोटात घातलाय. दोन मिनिटांत दुरुस्त होईल."

"आता हात लावाचा नाय," गोजराबाई कडाडल्या. "हरल्यावर पंच बदलतान काय?" आणि जिताडा वरच्या भाडेकरणीला, सईदाला देऊन आल्या.

दुपारी वरून तळणीचा वास आला. नामदेवांनी खिडकी लावली, मग उठून पुन्हा उघडली. घास काही उतरेना. आता गणपती येईपर्यंत कसे दिवस काढायचे, या विचारानं त्यांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी श्रावण लागला. खिन्नपणे चहा पिता पिता नामदेव एकदम ताठ झाले. मोबाईल उघडला. श्रावण? हो. सोमवार? नाही. निकाल: 'मासळी.'

"बग! दिव्यावं हात ठेवलास ना? मंग मान आता!"

गोजराबाईंनी चष्मा लावून निकाल नीट वाचला, मोबाईल बंद केला आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसला.

"घरान समदी सरावन पालतान. यालाबी पालू दे."