कपाटगडची मोहीम आणि आपल्याच आवाजावर मिळविलेली फत्ते

ध्वनिपुस्तक खात्याचे सरसुभेदार साहेब, आपण ऐकत नाही.

आपणांस पगार ऐकण्याचा, खुर्ची ऐकण्याची, कानांवर चढविलेला सरंजाम ऐकण्याचा, आणि ऐकत मात्र नाही. करवतबाईसाहेबांनी स्वतःचे पुस्तक स्वतःच्याच आवाजात वाचोन पाठविले, तो त्यांच्या पडद्यावर "फाइल अद्याप उघडलेली नाही" ऐसी अक्षरे जशीच्या तशी असता आपला नकार येऊन दाखल जाहला, की आवाज खरखरीत, श्रोत्यांस रुचणार नाही. न उघडलेल्या फाइलीतील खरखर आपणांस कोणत्या विद्येने ऐकू आली हे या बखरीत सापडणार नाही, कारण बखरनवीसास ती विद्या येत नाही. जे घडले ते मात्र यथास्थित लिहिले आहे. वाचण्यास सवड नसल्यास कोणाकडून वाचवून घ्यावे. गोड आवाजाची माणसे आपल्या पदरी पुष्कळ आहेत.

तर मजकूर ऐसा जे, करवतबाईसाहेब म्हणजे दुचाकी दुरुस्तीच्या गॅरेजच्या खाशा मालकीण, हात सदा ग्रीसमध्ये, शाळेशी फार दिवस पटले नाही, लिहिणे आपले आपण शिकल्या, आणि आवाज ऐसा की गॅरेजात उभ्या राहोन पान्याची चौकशी करावी तर रस्त्यापलीकडच्या औषधवाल्याने "माझ्याकडे नाही" म्हणोन जबाब द्यावा. करवत हा किताब त्यांस थोरल्या बंधूंनी, दादासाहेबांनी, लहानपणीच बहाल केला आणि बाईसाहेबांनी तो आजतागायत मानाने मिरविला. गॅरेज उभे केले दादासाहेबांनी. मग बहीण-भाऊ मिळोन चालवू लागले, दिवसभर भांडत आणि भांडता भांडता इंजिने उघडोन परत जोडीत. मग दादासाहेब दुखण्यात सापडले आणि त्या दुखण्याने त्यांस नेले. मग बाईसाहेबांनी लेखणी धरली आणि दादासाहेबांचे पुस्तक लिहिले, आणि ते छापले गेले, आणि लोकांनी वाचले. परंतु मातोश्री, म्हणजे या दोघांच्या जन्मदात्री, यांची नजर तोवर इतकी मंद जाहली होती की पुस्तक हाती घेऊन त्यांनी केवळ वजन पाहिले आणि फर्मावले, "जाड आहे. एवढं काय बोलायचा तो?"

बाईसाहेबांनी अर्ज गुजरला की घरीच वाचोन दाखविते. अर्ज नामंजूर जाहला.

"घरातला तो मला तोंडपाठ आहे गं. बाहेरच्यांना ऐकू दे. लोक ऐकतील तेव्हा मलाही त्यांच्यात बसव."

येणेप्रमाणे मोहिमेचे कारण घडले. ते आपणांस कधी कळविले नाही, कारण आपण कधी विचारले नाही.

मग आपण नकारावर थांबला नाही. आपल्या पदरच्या एका प्रशिक्षित कलावतीच्या आवाजात नमुना धाडिला, की पुस्तक आता या वाचतील. आवाज मखमली, त्यात खोट काढील तो करंटा. परंतु इंजिन पायावर कलंडत असता दादासाहेब ओरडतात, "अरे गाढवा, पाना दे!", हे वाक्य त्या कलावतीने ऐसे उच्चारिले की जणू शेजारी कोणी मूल नुकतेच झोपले आहे. मातोश्रींनी मान कलती करोन सारे ऐकले आणि पुसिले, "ही पाना मागतेय की चहात साखर?"

ते ऐकोन बाईसाहेबांचे मस्तक फिरले आणि त्यांनी फोनवरोन आपल्या कचेरीवर चाल केली. प्रथम संगीत लागले, मग एक बटण दाबण्याचा हुकूम, मग दुसरे बटण, मग पुन्हा तेच संगीत, ऐसे तट ओलांडीत ओलांडीत आत शिरल्या, तेव्हा आपल्या हाताखालच्या एका इसमाने तह देऊ केला. कलमे ऐसी, की लेखिकेने शेवटचे प्रकरण पुन्हा वाचोन पाठवावे, आवाज गोड आणि सम असावा, बाहेरचा आवाज एकही शिरू नये, खात्याकडोन दिग्दर्शक मिळणार नाही, तो लेखिकेने आपला आपण व्हावे, आणि इतके करोनही पसंत न पडल्यास मखमली आवाज कायम, पुन्हा तक्रार चालणार नाही. तह लाजिरवाणा होता. बाईसाहेबांनी दातओठ खाऊन मंजूर केला.

यजमान, म्हणजे बाईसाहेबांचे पती, शिंपीकाम करीत. स्वभाव मवाळ, हात कुशल. त्यांनी झोपण्याच्या खोलीतील मोठे कपाट रिते करोन दिले आणि आतून घरातल्या झाडून साऱ्या रजया, अस्तराच्या कापडाचे तागे आणि गिऱ्हाइकांचे शिवोन तयार असलेले कोट टांगोन ऐसी तटबंदी केली की बाहेरची कुजबुज आत न यावी, आतली बाहेर गेली तर जावो. मध्ये स्टूल, स्टुलावर बाईसाहेब, नाकासमोर मायक्रोफोन, गुडघ्यांवर पुस्तक. या ठाण्यास कपाटगड नाव पडले. तितक्यात एक गिऱ्हाईक आपला कोट नेण्यास आले. यजमानांनी अदबीने कळविले, "कोट तयार आहे हो, पण सध्या आवाज अडवायच्या कामावर आहे." गिऱ्हाइकाने बराच विचार केला आणि, "बाही तेवढी मोठी केलीत ना?" ऐसे पुसोन निघोन गेले.

मग गनिमांची मोजदाद जाहली. फ्रिज घरघरत होता, त्यास यजमानांनी वीज तोडोन नामोहरम केले, आतल्या दुधाचे काय व्हायचे ते होवो. वरच्या मजल्यावर एक गृहस्थ भिंतीस ड्रिल लावोन बसले होते, त्यांजकडे यजमान स्वतः वकिली करण्यास गेले आणि दुपारपुरता युद्धविराम घेऊन आले. बाईसाहेबांचे पोट ऐन वाक्यात गुरगुरू लागले, हा घरचाच फितूर, त्यास केळे चारोन गप्प केले. आणि कपाटाच्या दाराशी खुर्ची टाकोन मातोश्री लोकरीचा गुंता सोडवीत बसल्या होत्या, त्यांस उठवण्याची हिंमत कोणाची नव्हती.

"सासूबाई, आवाज नको हं," यजमान म्हणाले.

"मी कुठे आवाज करतेय? श्वास घेतेय."

"तोच जरा हळू घ्या."

मग खरे युद्ध जुंपले, आणि ते बाहेरच्यांशी नव्हते.

दिग्दर्शन करावयाचे तर हुकूम देणारा एक आणि हुकूम पाळणारा एक, ऐसे दोन पाहिजेत, आणि कपाटात जागा एकाची. सबब बाईसाहेबांनी आपल्या एका देहात दोन सरदार नेमिले. एक दिग्दर्शकसाहेब, दुसरे वाचकसरदार. वाचकसरदारांनी वाचावे, आणि चुकले की दिग्दर्शकसाहेबांनी तेथेच मोठ्याने हुकूम सोडावा, म्हणजे मागाहून ऐकताना चुकीची जागा नेमकी सापडते, ऐसी वहिवाट बसविली. वहिवाटीत खोट नव्हती. खोट होती ती भयात. आपल्या नकाराचा धसका बाईसाहेबांनी घेतला होता, आणि जी बाई बिघडल्या इंजिनास भीत नसे ती आपण धाडलेल्या एका ओळीस भ्याली, आणि मग त्या भयाने तिने वाचकसरदारांच्या अंगावर त्या कलावतीच्या आवाजाचा मखमली अंगरखा चढविला. दिग्दर्शकसाहेबांस अंगरखा नव्हता. ते उघड्या करवतीने बोलत.

शेवटच्या प्रकरणात दादासाहेब इस्पितळात पडोन आहेत आणि बहीण उशाशी बसली आहे, इतकाच मजकूर. परंतु वाचकसरदार त्यात ऐसे फसले की वाक्य पुढे जाईना.

"आणि मग दादाने हळुवारपणे नेत्र मिटले," वाचकसरदार उद्गारले.

"नेत्र? डोळे लिहिलंय डोळे! आणि हळुवारपणे कुठून आणलंस? पुन्हा!"

मग पुन्हा वाचले आणि शेवटी सूर लांबला. मग पुन्हा वाचले आणि सरदारांच्या गळ्यात हुंदका आला, तोही नेमका स्वल्पविरामावर.

"रडू नकोस! तो रडला नव्हता, तू कशाला गळा काढतेस? पुन्हा!"

मग सरदार कोरडे वाचू लागले, तर बँकेतून फोन आल्यासारखे वाटले. मग हसत वाचले, तर साबण विकत असल्यासारखे वाटले. दिग्दर्शकसाहेबांचा तोल सुटला, सरदार रुसले, आणि कपाटात एकटी बाई एकटीशीच ऐसी कडाडोन भांडली की रजया हलल्या आणि एक कोट हँगरवरोन निसटोन तिच्या डोक्यावर आला. यजमानांनी बाहेरोन विचारणा केली की चहा करू का. हुकूम आला की कोणी काही करू नये.

ते समयी मातोश्रींनी कपाटाच्या दारावर बोटाने टकटक केली.

"आत कोण आहे गं?"

"कोण असणार, आई? मी!"

"तू आहेस ते कळतंय. ती दुसरी कोण? गोड बोलणारी?"

आत स्टूल करकरले. मग, "तीही मीच."

"खोटं बोलू नकोस. ती आपल्यातली नाही. तिनं माझ्या पोराला कधी बघितलेलं नाही. मधेमधे ओरडतेय ती तू. मग तूच वाच की. आधीच आत जागा कमी, त्यात पाहुणी कशाला बसवलीस?"

बाईसाहेब दार ढकलोन बाहेर आल्या, डोक्यावर कोटाची बाही तशीच, आणि कैफियत मांडली. "आई, या आवाजात पाठवलं तर ते नाही म्हणतील. मग ती साखरवाली वाचणार सगळं पुस्तक. दादाचं सगळं पुस्तक!"

"आणि तूच साखरवाली होऊन वाचलंस तर? फरक काय पडला मग?"

यावर यजमानांनी आपली टेप मोजण्यास काढली, मोजण्याजोगे समोर काही नसता. बाईसाहेब उभ्या राहिल्या. पुस्तक गमावण्याचे भय एकीकडे, पुस्तकातला माणूस गमावण्याचे दुसरीकडे, आणि बराच वेळ पारडे हलले नाही. मग बाईसाहेबांनी बाही डोक्यावरोन काढली, आत गेल्या आणि दार ओढोन घेतले.

आत जाताच पहिला हुकूम वाचकसरदारांच्या बडतर्फीचा सुटला. अंगरखा उतरविला गेला. मग दिग्दर्शकसाहेब स्वतः पुस्तक घेऊन मायक्रोफोनापुढे बसले, आणि त्यांस हुकूम देण्यास कोणी उरले नाही, आणि ते वाचू लागले. आवाज जैसा गॅरेजात तैसाच, कडेला फाटलेला. डोळे ते डोळेच राहिले. औषधाच्या वासाची खोली आली, सलाइनचा स्टँड आला, खाटेवर उताणे पडोन छताकडे पाहणारे दादासाहेब आले, ज्यांस डॉक्टरांनी बोलण्यास मनाई केली होती आणि म्हणोनच जे बोलत होते.

"करवते," दादासाहेब म्हणाले, "त्या पिवळ्या स्कूटरवाल्याचा ब्रेक पुन्हा बघ. मागचा. आणि त्याच्याशी भांडू नकोस. आजारी माणसाचं ऐक."

बहीण बरे म्हणाली.

"आणि भांडलीसच तर जिंकून ये. हरून आलीस तर इथे येऊ नकोस, मला उठून तुला मारता येणार नाही."

आणि येथे कपाटाच्या बाहेर मातोश्री हसल्या. साधे हसू नव्हे. पोटापासोन निघालेले, मध्येच खोकल्यात अडकलेले, पुन्हा सुटलेले म्हातारीचे हसू, आणि ते रजया, तागे, कोट सारे भेदोन सरळ ध्वनिमुद्रणात घुसले. बाईसाहेब थांबल्या नाहीत. उरलेले पान त्यांनी त्या हसण्यावरोनच वाचोन काढले. शेवटचे वाक्य वाचताना आवाज एकदा तुटला, तो त्यांनी तुटू दिला.

यजमानांनी फटीतोन डोके घातले आणि पुसिले, "आईंचा आवाज आला. पुन्हा घ्यायचं का?"

सावधगिरी म्हणोन पुन्हा घेतले. मातोश्री तोंडावर हात दाबोन बसल्या, वारा हलला नाही, पोट बोलले नाही, वाचन आपल्या कलमांबरहुकूम पार पडले. मग दोन्ही ऐकोन पाहिली. दुसऱ्यात सारे काही होते, दादासाहेब तेवढे नव्हते. दुसरे पुसोन टाकण्याचा हुकूम जाहला आणि त्याची तामिली तेथल्या तेथे जाहली.

येणेप्रमाणे कपाटगडी फत्ते जाहली. वाचकसरदार बडतर्फ, मखमल जप्त, कोट बंधमुक्त, दूध नासले तेवढी हानी. युद्धविराम संपल्याची वार्ता वरच्या मजल्यावरोन ड्रिलनेच दिली. हसण्यासहित एक प्रकरण आपणांकडे रवाना केले आहे आणि बखरनवीस हे दप्तरी नोंदवितो की या मोहिमेत बाईसाहेबांनी आपणांस जिंकिले नाही, तशी ती मोहीम नव्हतीच. त्यांनी आपणांस भिणे तेवढे सोडिले.

आता साहेब, मुलाहिजा पुरे. त्या फाइलीत मागे एक म्हातारी हसते. ती तुमच्या कलमाच्या विरुद्ध आहे, आम्हाला माहीत आहे. ती काढणार नाही. काढायला सांगू नका. त्या बाईचा पोरगा गेला आहे, आणि त्याच्या शेवटच्या दिवसावर ती हसली, आणि हे तुमच्या कोणत्याही मखमली आवाजाला जमणार नाही. नाही म्हणायचे तर खुशाल म्हणा, पण ऐकून म्हणा, आणि म्हणताना सही स्वतःची करा.

म्हातारी रोज दुपारी कानाला हेडफोन लावून तयार बसते आणि विचारते, "लोक ऐकायला लागले का गं?"

तिला काय सांगायचे? उत्तर पाठवा.