करंजाला लागलेली टिकली

देवेशचं सगळं सामान कासाला सुखरूप पोहोचलं. गोल स्टिकरची डबी तेवढी जीपच्या मागच्या सीटवर राहिली आणि जीप सायवनला निघून गेली.

शाळेच्या सभागृहात जमिनीवर कासाच्या बाजाराचा चादरीएवढा नकाशा अंथरला होता. बायका त्याच्याभोवती बसल्या होत्या, पुरुष दारात उभे होते. मुंबईच्या एका संस्थेने बाजार नव्याने आखून देण्याचं काम घेतलं होतं आणि लोक सांगतील तसाच आराखडा व्हावा, अशी तरुण देवेशची मनापासून इच्छा होती. म्हणून ही कार्यशाळा. आवडत्या जागेवर हिरवा स्टिकर, नकोशा जागेवर लाल. अक्षरओळख असो वा नसो, प्रत्येकाचं मत सारख्याच मोलाचं. आता स्टिकरच नव्हते.

"गोल, चिकटणारे, लाल आणि हिरवे, एवढंच ना?" पहिल्या रांगेतल्या सरलाबाईंनी विचारलं.

"हो मॅडम. पण इथे कुठे मिळणार?"

"चंद्रिकाच्या दुकानात. तू सांगायला घे, मी घेऊन येते."

सरलाबाई इथल्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. त्या नव्याने बदलून आल्या तेव्हा बाजारातला करंज मनगटाएवढा होता आणि त्याला लोक बैल बांधत. आता त्याची सावली जीपच्या थांब्यापर्यंत जायची. यजमान गेल्यावर बाईंच्या घरी येणारे कमी झाले होते. पण संध्याकाळी करंजाखालच्या ओट्यावर, सुकट विकणाऱ्या तानीच्या टोपलीशेजारी बसलं की सगळं गाव भेटून जायचं. कुणी जुना विद्यार्थी नातू दाखवायचा, कुणी नुसतंच "बरं हाय ना बाई?" विचारायचं. तिथे गाड्यांचा तळ होणार, अशी कुजबुज त्यांच्या कानावर आली होती. नकाशात करंज राहिला पाहिजे, एवढ्यासाठी त्या आज आल्या होत्या.

"एवढ्या टिकल्या?" चंद्रिकाने पाकिटं काढत विचारलं. "सरलाबेन, लगीन कोणाचं?"

"बाजाराचं."

"मग मी पण येते. गिऱ्हाईक सगळं तिकडेच जाऊन बसलंय."

दोघी परत येईपर्यंत देवेशने लाल-हिरव्याचा अर्थ नीट समजावून सांगितला होता. पंख्याच्या खडखडाटात तो निम्म्या जणींना ऐकू गेला. हातात स्टिकर आले असते तर त्यांना तो आठवलाही असता. हातात आल्या टिकल्या, आणि टिकलीचा अर्थ मुंबईहून येऊन सांगावा लागत नाही.

तानी आधी उठली. सावकाश लाल टिकली काढली, नकाशातल्या करंजावर लावली आणि नकळत हात जोडले. मग रांगच लागली. करंज, विहीर, दवाखान्याची वाट, सगळ्यांना लाल टिकली मिळाली. चंद्रिकाने स्वतःच्या दुकानावर लावली. "धंद्याला शुभ," ती म्हणाली. हिरव्या टिकल्यांचं काय करायचं, ते कुणाला कळेना. एवढ्या छान जागांना हिरवी टिकली कोण लावणार? त्या उकिरड्यावर, गटारावर आणि दारूच्या दुकानावर लावून संपवल्या.

सरलाबाई सगळ्यात शेवटी उठल्या. यजमान गेल्यापासून त्या बारीकशी काळी टिकली लावत. लाल टिकली बोटावर घेऊन त्या क्षणभर थांबल्या आणि मग ती करंजाच्या बरोबर मधोमध लावली.

लोक इतकं मोकळेपणी मत देताहेत, हे पाहून देवेशला भरून आलं.

पावसाळा सरल्यावर मंजूर आराखडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला. उकिरडा जसाच्या तसा. दारूच्या दुकानासमोर बाकं. करंज, ओटा आणि चंद्रिकाचं दुकान काढून तिथे गाडीतळ. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि तिथूनच देवेशला फोन लावला.

"पण मॅडम, सगळ्यांनी लालच लावलं करंजाला. तुम्ही सुद्धा."

"मग काय हिरवी लावू? कुंकू कधी हिरवं पाहिलंयस?"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"मॅडम, म्हणजे ते उकिरड्यावरचं हिरवं..."

"उकिरड्याला कुणी कुंकू लावतं का रे?"

"मी आजच दुरुस्ती पाठवतो," देवेश म्हणाला. "पण वरून उत्तर यायला वेळ लागेल. तोडायचं काम ठेकेदाराकडे गेलंसुद्धा. आता त्याचा माणूस येऊन खुणा करेल."

माणूस आला तो काकड्या, बाईंचाच जुना विद्यार्थी. त्याने करंजाच्या बुंध्यावर लाल रंगाचा ठसठशीत गोल काढला, दुसरा चंद्रिकाच्या शटरवर काढला आणि तो जेवायला निघाला. चंद्रिकाने त्याला हाक मारून सांगितलं, "या बाजूला पण एक काढ रे, जोडी बरी दिसते."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. तानीने टोपली उतरवली आणि बुंध्याकडे बघतच राहिली.

"बाई, झाडाला टिळा कोणी लावला?"

सरलाबाईंनी खरं सांगायला तोंड उघडलं. इतकी वर्षं त्यांनी मुलांचं चुकलेलं लगेच सुधारलं होतं. त्यांनी तोंड मिटलं.

"सरकारने," त्या म्हणाल्या.

"सरकारनं? म्हंजे कायतरी असंल." तानीने पदर सावरला आणि नमस्कार केला. दुपारपर्यंत हळद आली, मग नारळ. चंद्रिकाने अगरबत्ती लावली. संध्याकाळी जीपवाले हॉर्न न वाजवता वळायला लागले.

करवत घेऊन काकड्या आला तेव्हा ओट्यावर बायका बसल्या होत्या आणि त्यात त्याची सासू होती.

"याला देव कोणी केला?" त्याने विचारलं.

"तूच की," सासू म्हणाली. "तूच नाय का टिळा लावलास? चपला काढ आधी."

काकड्याने बाईंकडे पाहिलं. बाई आकाशाकडे बघत होत्या. त्याने चपला काढल्या, करवत खाली ठेवली आणि हात जोडले. ठेकेदाराला त्याने काय सांगितलं ते कळलं नाही, पण दुसरा कुणी आला नाही.

यथावकाश देवेशची दुरुस्ती मंजूर झाली. गाडीतळ उकिरड्यावर गेला, चंद्रिकाचं दुकान जागेवर राहिलं. ती बातमी सांगायला सरलाबाई लगबगीने ओट्यापाशी आल्या. तिथे तानी नव्हती. ओटा धुऊन काढला होता आणि 'येथे बसू नये' अशी पाटी लागली होती.

तानी पलीकडे, रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसली होती.

"तुला कोणी उठवलं गं?"

"मीच उठले. देवाजवळ सुकट कशी मांडू?"

"अगं, तुमच्या देवाला कोंबडा चालतो, ताडी चालते. सुकटीचं काय घेऊन बसलीस?"

"तो आमचा देव, बाई. त्याचं आमाला माहीत हाय." तानीने करंजाकडे पाहत आवाज खाली आणला. "हा सरकारी हाय. याला काय चालतं, कोणाला इचारायचं?"

सरलाबाईंनी पिशवी जमिनीवर अंथरली आणि गुडघ्यांवर हात टेकत तानीशेजारी खाली बसल्या. ऊन कललं होतं आणि करंजाची सावली हळूहळू त्या दोघींच्या अंगावर येत होती.